चार वर्षांचं पोर अजून अंगावर पितंय! गोरिलांचं दूध नेमकं कधी तुटतं?

रानवाट

कामानिमित्त पाच वर्षं युगांडात, कंपालात आहे. मागच्या महिन्यात एकदाचा इथल्याच ब्विंडीच्या जंगलात जायचा योग आला. चिखलातून अडीच तास चढउतार, हाताला येईल ती फांदी काटेरी, आणि मग वाटाड्याने हात वर केला. पुढे गोरिलांचा कळप. त्यांच्याजवळ फक्त एक तास थांबू देतात, त्यामुळे बाकीचे सगळे पाठीवर चंदेरी पट्टा असलेल्या दांडग्या नराचे फोटो काढण्यात गर्क. मी एका आईपाशीच अडकलो.

ती बुंध्याला टेकून पाला ओरबाडत बसलेली. एक चांगलं थोराड पोर मागून आलं, तिचा दंड बाजूला सारला आणि प्यायला लागलं. आईने चावणंसुद्धा थांबवलं नाही. मिनिटभराने सुटलं, बाजूची एक वेल ओढली, चघळली, टाकून दिली, परत दंड बाजूला सारला. वय विचारलं तर माग काढणारा म्हणाला, चार कधीच पूर्ण झाली.

आता माझी अडचण अशी. दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडे रवांडात विरुंगा डोंगरांच्या बाजूचे गोरिला पाहिले होते. (परमिट १५०० डॉलर. बायकोने हा विषय अजून मिटवलेला नाही.) तिथल्या माणसाने सांगितलेलं पक्कं आठवतं, साडेतीनच्या आतबाहेर दूध तुटतं म्हणून. मला वाटलं दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय. घरी येऊन वाचलं तर दोघेही खरे. विरुंगात सरासरी सव्वातीन-साडेतीन वर्षं, ब्विंडीत साडेचारच्याही पुढे. दोन्हीकडे पर्वतीय गोरिलाच. मध्ये पंचवीसेक किलोमीटर शेती आणि वस्ती, बाकी काही नाही.

एकच जात, इतकं जवळ, आणि वर्ष-सव्वा वर्षाचा फरक. का? इथे प्राण्यांतली माहितगार मंडळी आहेत, म्हणून धागा काढला.

नाकतोडा

डॉलर भरून पिल्लू दूध पिताना बघितलंत? आमच्या गल्लीच्या टोकाला तबेला आहे. फुकट. वर चहा पण पाजतात.

खारुताई

रानवाट, सुरेख लिहिलंय. तो 'दंड बाजूला सारला' अगदी दिसला.

धागा भरकटायच्या आधी एक विनंती. कुणी 'माकड' लिहू नका. गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान हे शेपूट नसलेले कपी. महाकपी म्हणा हवं तर.

नाकतोडा

महाकपी म्हटलं की मला मारुती आठवतो आणि त्याला शेपूट आहे. आता काय करू?

खारुताई

शनिवारी तेल वाहा.

शेवंता

मला वेगळाच प्रश्न पडला. तोडतात कसं? माझ्या मुलीचं दूध मी सव्वादोन वर्षांनी तोडलं. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला. लेकीने तोंड वाकडं केलं, पाच मिनिटं विचार केला, आणि फ्रॉकने पुसून परत प्यायली. शेवटी आईकडे चार दिवस एकटीच पाठवली तेव्हा जमलं. गोरिलांना ना कडुनिंब ना माहेर. मग?

पाऊसपाणी

शेवंताताई, फ्रॉकने पुसलं हे भारीच. :)

मी बरीच वर्षं आसामात हूलॉक गिबनवर काम केलं. ते छोटे कपी आणि भारतात कपी म्हणून तेवढेच. महाकपी माझा थेट विषय नव्हे, पण सोबतचे बरेच जण त्यातले, त्यामुळे वाचन आहे.

तोडणं म्हणजे काय, तर आई हात आडवा घालते, पाठ फिरवते, पोटाशी गुडघे घेते, उठून चालू लागते. मारणं जवळजवळ नाहीच. पिल्लू कुरकुरतं, ओठ पुढे काढून रडतं, चिंपांझींत तर चक्क जमिनीवर लोळण घेतं, किंचाळतं, स्वतःला झोकून देतं. आई कधीकधी हार मानते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली यावर एक विचार मांडला, तो अजून वापरात आहे. आईच्या हिशेबात हे पोर आणि पुढचं पोर सारख्याच किमतीची. पोराच्या हिशेबात स्वतःची किंमत भावंडापेक्षा जास्त. त्यामुळे 'आता पुरे' हा क्षण आईला आधी येतो आणि पोराला नंतर. मधले काही महिने भांडणाचे.

आता मूळ प्रश्नाकडे. दूध चालू आहे तोवर आई सहसा पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू वारंवार चोखतं, त्याने प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वर राहतं आणि अंडं सुटणं थांबतं. कपींचं दूध पातळ असतं, चरबी कमी, पाणी आणि साखर जास्त, त्यामुळे पिल्लू दिवसभर थोडंथोडं पीत राहतं. म्हणजे दूध केव्हा तुटणार यावर पुढचं पिल्लू केव्हा होणार हे ठरतं. विरुंगात दोन पिल्लांत साधारण चार वर्षं, ब्विंडीत पाचाच्या आसपास. चिंपांझींत पाच-सहा. ओरांगउटानमध्ये सात-आठ, पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांत सगळ्यात जास्त अंतर असणाऱ्यांपैकी.

गोठेकर

पाऊसपाणी साहेब, हे तर आमचंच बोलणं झालं. दोन वेतांतलं अंतर! आमच्याकडे बारा म्हशी, चार गाई. म्हैस वासराला आणि धारेला दोन्हीकडे चालू असली आणि वैरण कमी पडली की माजावर यायचं नाव घेत नाही. पेंड वाढवा, हिरवा चारा द्या, महिन्यात फरक दिसतो. तेव्हा माझा आपला अडाणी अंदाज, तुमच्या ब्विंडीत वैरण कमी आहे.

रानवाट

गोठेकर, पण दिसायला उलटं आहे हो! ब्विंडी खालच्या उंचीवर, जास्त उबदार, फळझाडं जास्त. विरुंगा म्हणजे थंडगार ज्वालामुखी डोंगर, कारिसिंबी तर ४५०० मीटर. तिथे फळ जवळजवळ नाहीच. मला वाटलं होतं फळं खाणाऱ्यांचीच चैन असणार.

पाऊसपाणी

इथेच खरी गंमत आहे आणि गोठेकरांचा अंदाज अडाणी मुळीच नाही.

विरुंगात गोरिला अक्षरशः ताटात बसलेला असतो. रानसेलरी, खाजकुयलीसारखी आग करणारी नेटलची झुडपं, काटेरी थिसल, गॅलियमच्या वेली, हंगामात बांबूचे कोंब. हात लांबवला की खाणं. बाराही महिने तेच, तितकंच. दिवसाला अर्धा किलोमीटर हलले तरी पोट भरतं. दोन वर्षांच्या पिल्लालासुद्धा आईशेजारी बसून वेल ओढता येते. काटे आणि आग चुकवायची हातोटी शिकावी लागते, पण शोधावं काही लागत नाही.

ब्विंडीत पाला आहे, पण विरळ. फळं आहेत, पण हंगामी, झाडं पांगलेली. रोज जास्त चालायचं, काही फळांसाठी उंच चढायचं. एखाद्या वर्षी झाड धरतं, एखाद्या वर्षी नाही. अशा ठिकाणी आईला रोजची भाकरी महाग आणि पिल्लाला स्वतःचं स्वतः मिळवणं अवघड. दोघांच्याही बाजूने दूध लांबतं. काँगोतल्या 'म्बेली बाई' नावाच्या पाणथळ मोकळवणात पश्चिमी गोरिलांच्या नोंदी आहेत. तेही फळांवर बरेच अवलंबून, आणि त्यांचंही दूध साडेचारच्या पुढेच तुटतं. म्हणजे या बाबतीत ब्विंडीचे गोरिला सख्ख्या शेजाऱ्यांपेक्षा लांबच्या चुलत्यांसारखे.

केदार_ना

नमस्कार. मी सांख्यिकीतला माणूस, प्राण्यांतलं कळत नाही. पण एक मूलभूत शंका. 'दूध तुटलं' हे ठरवतं कोण? रानवाट यांनी एक तास पाहिलं. संशोधक समजा दिवसाला चार तास पाहतात. हे प्राणी रात्री आईच्या कुशीत झोपतात ना? तेव्हा कोण बघतंय? आणि तोंड लावलं म्हणजे दूध आलंच कशावरून? ब्विंडीत दाट झाडी आहे, तिथे दिसणं कमी आणि विरुंगात मोकळं, तर तुमचा सगळा फरक नोंदींचाच नाही कशावरून?

नाकतोडा

केदारभाऊ आले. आता धाग्याची वाट लागली.

शेवंता

नाही हो, त्यांचं बरोबर आहे. माझी लेक शेवटी शेवटी नुसतीच तोंड लावून पडायची. दूध नव्हतंच फारसं. झोप यायची म्हणून.

पाऊसपाणी

केदार, शंका रास्त आहे आणि ती या विषयातली सगळ्यात जुनी डोकेदुखी. डोळ्यांनी दिसतं ते चोखणं. पोटात गेलं ते दूध वेगळं. त्यात मेख अशी की झाडीत दिसणं कमी असेल तर उलट दूध लवकर तुटल्यासारखं वाटेल, कारण शेवटची चोखणी नजरेतून सुटेल. ब्विंडीत तर जास्त वय दिसतंय. म्हणजे ती चूक फरक वाढवत नाही, झाकते.

डोळ्यांपलीकडच्या दोन युक्त्या.

एक, शेण. (गोठेकर खूश होतील.) नायट्रोजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की शरीरात जड नायट्रोजनचं प्रमाण थोडं वाढतं. दूध पिणारं पिल्लू एका अर्थी आईलाच खात असतं, म्हणून त्याच्या विष्ठेतलं प्रमाण आईपेक्षा वर असतं. दूध कमी होईल तसं ते आईच्या पातळीला येतं. युगांडातल्याच किबाले जंगलात न्गोगोच्या चिंपांझींवर हे केलंय. आई आणि पिल्लू दोघांचीही ताजी विष्ठा पानावर गोळा करायची, कुणाची कुठली हे न चुकता. वाटतं तितकं शोभिवंत काम नाही.

दोन, दात. हे मला फार आवडतं. दात झाडाच्या कड्यांसारखा थरांनी वाढतो, अगदी रोजचा थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. दुधातून बेरियम नावाचं मूलद्रव्य येतं आणि कॅल्शियमच्या जागी दातात बसतं. लेसरने दात टिपत गेलं की जन्मापासूनची दुधाची वही उघडते. टान्या स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली संग्रहालयात पडून असलेल्या ओरांगउटानांच्या दातांवर हे केलं. पहिल्या वर्षात बेरियम चढतं, मग उतरतं, आणि मग पुन्हा चढतं. पुन्हा उतरतं. पुन्हा चढतं. सुमात्रातल्या एका जनावराच्या दातात ८.८ वर्षांपर्यंत दुधाची खूण होती.

केदार_ना

८.८?? दाखला घेऊन तिसरीत बसवायचं वय ते.

आणि तो चढउतार का?

पाऊसपाणी

तिथल्या जंगलात फळं भरवशाची नाहीत. डिप्टेरोकार्प जातीचे महावृक्ष काही वर्षांतून एकदा सगळे एकदम फुलतात-फळतात, मग कित्येक महिने टंचाई. मिळेल त्या साली, पानं. तेवढ्या काळात सहा-सात वर्षांचं पोर परत आईच्या दुधावर जास्त टेकतं. सुगी आली की कमी. दूध म्हणजे त्याची बुडत्या काळातली कोठी.

गोठेकर

बरोबर. आमच्याकडे मृगात पाणी नाही पडलं की वैरणीच्या गंजीला हात घालतो तसं.

तिखटमीठ

उशिरा आले, सगळं वाचलं. मग यातून एक सरळ गोष्ट निघत नाही का? चिंपांझी चार-पाच वर्षं, गोरिला साडेचार, ओरांगउटान आठ. आपण त्यांचेच नातेवाईक. म्हणजे माणसाच्या मुलालाही निसर्गतः पाच-सहा वर्षं पाजायला हवं. दोन वर्षांनी तोडतो ते आपल्या सोयीसाठी.

शेवंता

तिखटमीठ, एक शब्द खरंच तिखट लागला. 'सोयीसाठी'. मी सकाळी सहाची लोकल पकडत होते. सव्वादोन वर्षं निभावलं याचं मला कौतुक वाटतं, अपराधी नाही वाटत.

तिखटमीठ

शेवंता, तुम्हाला उद्देशून नव्हतं. चुकलं लिहिण्यात. मुद्दा निसर्गाचा होता.

पाऊसपाणी

निसर्गाचाच मुद्दा घेऊ. माणूस इथे आपल्या नातेवाइकांत वेगळा पडतो, तोही उलट्या दिशेने. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांतही दूध साधारण अडीच-तीन वर्षांत तुटतं, आणि त्यांच्याकडे ना लोकल ना डबा. कालाहारीतल्या कुंग लोकांत मुलं तासाला कित्येकदा दोन-दोन मिनिटं प्यायची, तरी दोन बाळंतपणांतलं अंतर पावणेचार वर्षांच्या आसपास. चिंपांझीपेक्षा कमीच. आपण मोठ्या मेंदूचं, वाढायला हळू पोर जन्माला घालतो आणि तरी लवकर तोडतो. हे परवडतं कसं, हा उत्क्रांतीतला मोठा प्रश्न आहे.

एक उत्तर उष्टावणात आहे. चिंपांझीच्या पोराला मऊ भात नाही. त्याला एकदम प्रौढांचं अन्न, कडक साल, तुरट पान, फोडायचं कवच. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी दगडाने टणक फळं फोडून गर खातात. ती कला यायला पोराला कित्येक वर्षं लागतात. तोवर आई फोडते आणि आतला गर त्याला घेऊ देते. हीच काय ती त्यांची पेज. माणसाने आग आणली, कुटणं आणलं, शिजवणं आणलं. आणि दुसरं उत्तर...

नाकतोडा

आजी.

पाऊसपाणी

वा! नाकतोडा, तुम्ही वाचून आलात की अंदाज?

नाकतोडा

मी आजीकडे वाढलो. अंदाज कसला.

पाऊसपाणी

तेच. टांझानियातल्या हाद्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांनी म्हाताऱ्या बायका किती कंद उकरतात हे मोजलं. आई नव्या बाळात अडकली की आधीच्या मुलाचं पोट आजीवर. त्यातून आजीचा सिद्धांत निघाला. मादी चिंपांझी बहुधा वयात आल्यावर गट सोडून जाते, त्यामुळे तिची आई जवळ नसतेच. ओरांगउटान आई तर पिल्लासह एकटीच हिंडते. हातभार लावायला कुणी नाही. तिच्या आठ वर्षांमागे हा एकटेपणाही असावा असं मला वाटतं, नुसती फळं नव्हेत.

शेवंता

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग कडुनिंब चुकीचा कसा?"

खारुताई

दूध तुटण्यावर बोलताय आणि फ्लिंटचं नाव नाही!

टांझानियातल्या गोंबेतली फ्लो ही चिंपांझी अभ्यासणाऱ्या जेन गुडॉल यांच्या सुरुवातीच्या चिंपांझींपैकी सगळ्यात प्रसिद्ध. फ्लिंट तिचा मुलगा, १९६४ चा. तो चारेक वर्षांचा असताना तिला फ्लेम झाली. फ्लो तोवर म्हातारी, दात झिजलेले, त्याला तोडायचा जोर अंगात राहिला नव्हता. त्याने एवढा आकांत मांडला की बहीण झाल्यावरही तो आईच्या पाठीवर बसायचा, तिच्या घरट्यात झोपायचा. फ्लेम सहा महिन्यांची असताना फ्लो आजारी पडली, आणि त्यात फ्लेम गेली. मग तर तो पुन्हा पूर्ण आईचा झाला. १९७२ मध्ये फ्लो ओढ्याकाठी मेली. 'संडे टाइम्स'ने तिच्यावर मृत्युलेख छापला होता. साडेआठ वर्षांचा फ्लिंट खाईनासा झाला, आणि तीनेक आठवड्यांत तिच्या मागोमाग गेला.

मी हे कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन आले होते.

तिखटमीठ

बाप रे. साडेआठ म्हणजे स्वतः खाण्याचं वय होतं ना त्याचं?

खारुताई

होतं. भूक हे कारण नव्हतं एवढं नक्की.

केदार_ना

एका उदाहरणावरून काही ठरत नाही हे मी म्हणणार होतो, पण आज नको.

पाऊसपाणी

म्हणा केदार, कारण त्याला पुढच्या नोंदी आहेत. दूध तुटलं म्हणजे आई संपली असं चिंपांझींत नाही. ताईच्या जंगलात, दूध सुटल्यावर आई गमावलेली पोरं त्याच वयाच्या, आई असलेल्या पोरांपेक्षा अंगाने कमी राहिली. याउलट रवांडाच्या गोरिलांत, पाच दशकांच्या नोंदी पाहिल्या तर, दोन वर्षांपुढच्या पोरक्या पिल्लांचं तितकं बिघडत नाही. कळप जवळ घेतो, आणि जास्त करून तोच चंदेरी पाठीचा नर. रात्री पोरकं पिल्लू त्याच्या घरट्यात झोपतं.

रानवाट

त्याच चंदेरी पाठीबद्दल विचारायचं होतं. आमचा वाटाड्या म्हणाला, कळपाचा नर मेला आणि दुसरा आला तर तो दूधपित्या पिल्लांना मारतो. हे खरं आहे?

पाऊसपाणी

दुर्दैवाने खरं, गोरिलांत नोंदलेलं आहे. आणि ते आपल्याच विषयात येतं. पिल्लू गेलं की चोखणं थांबतं, आई थोड्याच महिन्यांत माजावर येते. नव्या नराला वाट बघावी लागत नाही. म्हणून माद्या बहुधा पिल्लाचं दूध तुटल्यावरच कळप बदलतात, अंगावर पिल्लू असताना जाणं म्हणजे त्याला मरणाच्या तोंडी देणं. दूध किती वर्षं चालू राहील यात बापाच्या आयुष्याचाही हात असतो.

केदार_ना

आता माझी दुसरी शंका, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. तुमचा सिद्धांत असा दिसतो: अन्न भरपूर आणि भरवशाचं, तर दूध लवकर तुटतं. बरोबर? मग काल रात्री मी थोडं वाचलं. सुमात्राची जमीन ज्वालामुखीची, जंगल बोर्निओपेक्षा समृद्ध, फळं जास्त. तर सुमात्राच्या ओरांगउटानांचं दूध लवकर तुटायला हवं. तसं दिसत नाही. दोन पिल्लांतलं अंतर दोन्ही बेटांवर जवळजवळ सारखंच, पूर्वी तर सुमात्राचंच जास्त सांगत होते. मग?

पाऊसपाणी

पकडलंत.

खरं सांगतो, इथे अन्नाचं गणित एकट्याने पुरत नाही. एक बाजू अशी की सुमात्रात प्रौढ मादी फार कमी मरते. जिचं आयुष्य लांब आणि सुरक्षित, तिला घाई करायचं कारण नाही. एकेक पिल्लू नीट उभं करायचं. दुसरी बाजू पिल्लाची. काही संशोधक म्हणतात, अन्नाचा भरवसा नसेल तर हळू वाढणं हाच विमा. लहान अंग, कमी भूक, टंचाईत मरायची शक्यता कमी. यातलं कुठलं किती हे सुटं करता येत नाही, कारण जंगलात दोन्ही एकत्रच येतात. प्राणिसंग्रहालयात मात्र अन्नाची बाजू स्वच्छ दिसते. तिथे वाढ भराभर होते आणि मादी लवकर वयात येते.

गोठेकर

म्हणजे पेंड.

पाऊसपाणी

म्हणजे पेंड. आणि जंगलातही ती मोजलीय. किबालेतल्या कान्यावाराच्या चिंपांझी मादींची लघवी पानांवरून टिपतात आणि त्यातलं सी-पेप्टाइड बघतात. ते इन्शुलिनसोबत तयार होतं, त्यावरून मादीचं खाणं अंगाला लागतंय का कळतं. पिल्लू चोखत असलं तरी आईचा हिशेब शिल्लक दाखवायला लागला की ती पुन्हा माजावर यायची तयारी करते. तुमच्या म्हशीचं हेच ना?

गोठेकर

अगदी हेच. फक्त आम्ही लघवी नाही टिपत, पाठीचा कणा हाताने चाचपतो. हाडं बोचली की नाही येत माजावर.

तिखटमीठ

दाढेचं काय? मी कुठेतरी वाचलं होतं की पहिली पक्की दाढ आली की दूध सुटतं, सगळ्या वानरकुळात.

पाऊसपाणी

तसा जुना ठोकताळा होता. कान्यावारातच जांभया देणाऱ्या पिल्लांचे जवळून फोटो काढून तपासलं. २०१३ साली आलं ते. तीनेक वर्षांपर्यंत दाढ येते आणि पोरं त्यानंतरही बराच काळ आरामात पीत राहतात. ठोकताळा गेला.

नाकतोडा

म्हणजे चिंपांझीने जांभई द्यायची वाट बघत बसणं ही नोकरी असते. मी चुकीच्या क्षेत्रात आहे.

रानवाट

सगळ्यांचे आभार, एवढा धागा लांबेल वाटलं नव्हतं.

मला आता ते दृश्य वेगळं दिसतंय. पोराने मधेच सुटून वेल ओढली, चघळली, टाकली आणि परत प्यायला गेलं, ते मला लाड वाटले होते. ते खायला शिकत होतं आणि जमत नव्हतं. व्हिडिओ पुन्हा पाहिला. आई जी वेल खातेय ती देठाशी धरून मुठीतून ओढते, काटे मागे पडतात. पोराने तीच वेल उलटीकडून धरलीय. काटे तोंडात. म्हणून टाकली. दुसऱ्या वेळी त्याने वेल हातात घेऊन आईच्या मुठीकडे बराच वेळ बघितलं, मग नाद सोडला आणि दंड बाजूला सारला.

केदार, तास एकच होता, नमुना एकच आहे, मान्य.

केदार_ना

व्हिडिओ टाका. मोजतो किती वेळा उलटी धरली.

शेवंता

आणि आईने सरळ करून दिली नाही?

रानवाट

नाही. एकदाही नाही. चावत बसली होती.

गोठेकर

पारडूसुद्धा पहिल्यांदा कडबा उभाच ओढतं, नाकात जातो, शिंकतं, परत कासेकडे. आम्ही हसतो. म्हैस बघत पण नाही.